परसातील पपई: फळ न धरण्याची कारणे व उपाय

प्रस्तावना

कमी जागेत वाढणारे आणि साधारण वर्षभरात फळ देणारे झाड म्हणून पपई घरोघरी लावली जाते. मात्र "झाड उंच वाढले, फुलेही आली, पण फळ नाही" अशी तक्रार नेहमी ऐकू येते. अशा वेळी बहुतेक जण खत वाढवतात. झाड नर असेल तर कितीही खत दिले तरी उपयोग होत नाही. म्हणून उपायाआधी निदान करावे आणि निदानाची सुरुवात फुलापासून करावी.

फुलांवरून झाडाची ओळख

पपईत तीन प्रकारची झाडे आढळतात.

- नर: लांब, लोंबत्या देठांवर लहान फुलांचे घोस येतात.
- मादी: खोडालगत मोठी फुले येतात. आत फुगीर बीजांडकोश असतो, पुंकेसर नसतात. फळ गोलसर असते.
- उभयलिंगी: फुलात पुंकेसर व बीजांडकोश दोन्ही असतात. फळ लांबट असते.

एकटे मादी झाड असेल आणि जवळपास परागकण देणारे झाड नसेल, तर फुले बहुधा गळून पडतात. आठ-दहा मादी झाडांना एक नर झाड पुरते.

रोपे किती लावावीत?

'वॉशिंग्टन'सारख्या वाणात नर व मादी रोपे साधारण निम्मी-निम्मी निघतात. एका खड्ड्यात ३ रोपे लावल्यास तिन्ही नर निघण्याची शक्यता १/२ × १/२ × १/२ = १/८ असते. म्हणजेच किमान एक मादी मिळण्याची शक्यता ७/८ आहे. फुले आल्यावर एक मादी रोप ठेवून बाकीची काढावीत. परागणासाठी एखादे नर झाड मात्र राखावे.

'कुर्ग हनी ड्यू' किंवा 'रेड लेडी' या वाणांत मादी व उभयलिंगी झाडेच असतात. जागा एकाच झाडापुरती असेल, तर अशा वाणाचे उभयलिंगी झाड सोयीचे, कारण त्याला वेगळ्या नर झाडाची गरज नसते.

ऋतूचा परिणाम

कडक उन्हाळ्यात उभयलिंगी झाडाच्या काही फुलांत बीजांडकोश नीट वाढत नाही व ती गळतात. थंडीत काही फळे वेडीवाकडी होतात. हा रोग नव्हे. ऋतू पालटल्यावर झाड पुन्हा फळ धरते. ते तोडू नये.

पाणी साचणे

पपईच्या मुळांना हवा लागते. बुंध्याशी दोन दिवस पाणी साचले तरी मुळे कुजू लागतात. पाने पिवळी पडून झाड कोलमडते. रोप उंचवट्यावर लावावे, आळ्यातील पाणी खोडाला टेकू देऊ नये आणि कुंडीच्या तळाची भोके मोकळी ठेवावीत.

रिंगस्पॉट विषाणू

पानांवर पिवळे-हिरवे चट्टे, देठांवर तेलकट रेघा आणि फळांवर वर्तुळे ही याची लक्षणे आहेत. मावा कीड हा विषाणू पसरवते. रोगट झाड बरे होत नाही. इतर झाडे वाचवण्यासाठी ते लगेच उपटून नष्ट करावे. काकडी, भोपळा यांसारखे वेलही पपईजवळ लावू नयेत, कारण त्यांतही हा विषाणू वाढू शकतो.

सारांश

जास्तीचे नर आणि विषाणूग्रस्त झाड काढावे. ऋतूमुळे थांबलेले झाड राखावे. पाण्याचा निचरा लागवडीपूर्वीच साधावा. खताचा विचार त्यानंतर करावा.