जमिनीच्या पोटातले ओळखणारी माणसे

लोदहून तेल अवीवकडे जाताना सपाट माथ्याचा जो डोंगर दिसतो तो देवाने केलेला नाही, तो आपण सगळ्यांनी मिळून केलेला आहे. जुन्या मंडळींना हे सांगायला नको. हिरियाचे नाव काढले की आजींचा हात आपोआप नाकाकडे जातो. नातवंडांना मात्र हिरिया म्हणजे सायकल, बदकांचे तळे आणि शाळेची सहल. एकाच घरात एकाच जागेची अशी दोन चित्रे आहेत, म्हणून या वेळी हा विषय घेतला.

तेल अवीव आणि आसपासच्या गावांचा कचरा 1952 सालापासून तिथे पडू लागला आणि ऑगस्ट 1998 मध्ये ते बंद झाले. तोवर ढीग सुमारे 60 मीटर उंच झाला होता, म्हणजे जवळजवळ 20 मजली इमारत. आत साधारण 1 कोटी 60 लाख घनमीटर कचरा. आसपास पक्ष्यांचे थवेच्या थवे, आणि विमानतळ जवळ, त्यामुळे वैमानिकांना धास्ती. पावसाळ्यात उतार ढासळून कचरा शेजारच्या अयालोन ओढ्याकडे घसरायचा. खालून काळे पाणी झिरपायचे ते वेगळेच.

पूर्वी, म्हणजे 1948 च्या आधी, तिथे खैरिया नावाचे अरब खेडे होते, त्यावरूनच हिरिया. आणि त्याच्याही आधी? पेसाखच्या रात्री आपण हगादात वाचतो ना, की पाच रब्बी बने बराक येथे बसून पहाटेपर्यंत मिसरातून निघाल्याची कथा सांगत राहिले? ते प्राचीन बने बराक याच जागी होते असे संशोधक मानतात. आजचे बने बराक शहर वेगळे, ते नंतर वसले. पुढच्या सेदेरला मुलांना हे जरूर सांगा, जांभया थांबतील.

कचरा टाकणे बंद झाले, पण डोंगराचे करायचे काय? उचलून दुसरीकडे न्यायचा म्हटले तर दुसरीकडच्यांनी काय पाप केले? तेव्हा मार्टिन वाइल पुढे आले. हे गृहस्थ पूर्वी यरुशलेमच्या इस्राएल म्युझियमचे संचालक होते, नंतर बेराखा नावाच्या संस्थेचे काम पाहू लागले. त्यांनी देशातल्या आणि बाहेरच्या कलावंतांना व वास्तुरचनाकारांना विचारले की या ढिगाचे तुम्ही काय कराल, आणि त्यांच्या उत्तरांचे प्रदर्शन 1999 साली तेल अवीवच्या कलासंग्रहालयात मांडले. कचऱ्यासाठी चित्रांचे प्रदर्शन! पण त्यामुळे झाले असे की ज्या जागेकडे लोक नाक दाबून पाठ फिरवायचे, तिच्याबद्दल ते बोलू लागले. भोवतालच्या मोकळ्या जागेवर घरबांधणीवाल्यांचा डोळा होताच. शेवटी अरिएल शारोन पंतप्रधान असताना तिथे मोठी बाग करायचे ठरले. हे सगळे मिळून सुमारे 8,000 दुनाम. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या दुपटीहून जास्त.

डोंगराच्या रचनेसाठी 2004 च्या स्पर्धेत जर्मनीचे पीटर लात्स यांची निवड झाली. हा माणूस का निवडला हे कळायला आपल्याला जरा जर्मनीत जाऊन यावे लागेल.

जर्मनीतल्या रूर भागात दुइसबुर्ग म्हणून गाव आहे. तिथे थिसेन कंपनीचा लोखंड गाळायचा कारखाना होता, 1985 साली तो बंद पडला. पाडून टाका म्हणणारे होते, पण गावकऱ्यांनी विरोध केला. ज्या भट्टीपुढे बाप-आजा घामाघूम झाला ती भंगारात कशी द्यायची? मग 1989 ते 1999 अशी दहा वर्षे त्या सगळ्या भागाच्या सुधारणेची मोठी योजना चालली आणि या कारखान्याचे काम लात्स यांच्याकडे आले. त्यांनी भट्ट्या तशाच उभ्या ठेवल्या, लोक वर चढून गाव बघतात. खनिज साठवायच्या कोठ्यांच्या भिंतींवर गिर्यारोहणवाले सराव करतात. वायूच्या भल्यामोठ्या गोल टाकीत पाणी भरले आणि त्यात पाणबुडे बुड्या मारायला शिकतात. मुलांनो, खोटे नाही! ती बाग 1994 साली लोकांना खुली झाली.

आम्हाला त्यातले जे जास्त आवडले ते फोटोत येत नाही. लात्स यांनी आधी कुठली माती किती बिघडलेली आहे हे पाहिले. जी फार वाईट होती ती जुन्या कोठ्यांत घालून वरून बंद केली, आणि त्यांच्यावर बगीचे केले. जी थोडी बिघडलेली होती तिथे हळूहळू झाडझाडोरा वाढू दिला. प्रत्येक जागेला तिच्या तब्येतीप्रमाणे वापर. आजारी माणसाला आपण एकदम बिर्याणी देत नाही, पेज देतो, तसेच.

हेच शहाणपण हिरियाला आले. अयालोनचे पात्र डोंगराच्या पायथ्यापासून दूर सरकवले. उतार घसरू नयेत म्हणून पायथ्याशी पायऱ्यांसारखे भराव घातले आणि त्यासाठी पाडलेल्या इमारतींचे डेब्रिजच वापरले. माथ्यावर आधी पाणी व वायू अडवणारा थर, मग खडी, आणि मग स्वच्छ माती, तीसुद्धा साधारण एक मीटर. आपल्या घरी तू बिश्वातला कुंडी आणून झाड लावायची हौस असते, पण अशा जागी कुठले झाड लावायचे हेसुद्धा जाणकाराला विचारावे लागते, कारण खोल जाणारी मुळे खालचा थर फाडू शकतात. कचरा आतमध्ये अजून कुजतो आहे. त्यातून निघणारा मिथेन वायू खोल विहिरींतून नळ्यांनी ओढून घेतात आणि इंधन म्हणून वापरतात. म्हणजे हिरिया गेले नाही, ते पांघरुणाखाली आहे आणि त्याच्या उशाशी माणसे बसलेली आहेत.

मुंबईची मंडळी विचारतील, आपल्याकडे काय? तर बोरिवलीच्या गोराईला असेच झाले. तिथले डंपिंग 2007 साली बंद केले, सुमारे 20 हेक्टरवरचा ढीग नीट आकाराला आणून 2009 पर्यंत त्यावर झाकण घातले, गवत लावले, वायूसाठी विहिरी खोदल्या. देवनारचे मात्र 1927 पासूनचे डंपिंग जानेवारी 2016 मध्ये पेटले तेव्हा धूर दिवसेंदिवस हटत नव्हता. दोन्ही जागा एकाच शहरातल्या.

पण कचरा निदान दिसतो, वास तरी येतो. कारखान्याच्या जागेचे तसे नाही. वरून स्वच्छ, सपाट, गवत उगवलेले, आणि बिल्डरची पाटी लागलेली. तेल अवीवच्या बित्सारोन वस्तीजवळ ताआसचा मागेन हा कारखाना होता, तो 1990 च्या दशकात बंद झाला. धातूच्या भागांवरचे ग्रीस काढायला जे द्रावण वापरतात ते, आणि मुलाम्याच्या कामातले क्रोमियम, तिथल्या जमिनीत उतरून खालच्या पाण्यापर्यंत पोचलेले आढळले. असले द्रावण पाण्यातून वाफ होऊन पुन्हा वर येते आणि घराच्या फरशीखालच्या फटीतून आत शिरू शकते. रामात हाशारोनच्या ताआसच्या जागेत रॉकेटच्या इंधनातला पर्क्लोरेट नावाचा क्षार भूजलात सापडला, कारण कारखान्याचे सांडपाणी उघड्या खड्ड्यांत सोडले जात होते. तिथे हजारो घरांची योजना आली तेव्हा रहिवासी आणि पर्यावरण संस्था म्हणाल्या, आधी माती साफ करा, मग विटा रचा. आम्हाला ही मागणी रास्त वाटते. घरे हवीत, आपल्या नातवंडांनाही हवीत, पण त्यांच्या खोलीखाली काय आहे हे आधी कळायला हवे.

हे ज्यांना कळते त्यांची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. ते तीन गोष्टी शोधतात: घाण कुठे आहे, ती कोणत्या वाटेने जाते, आणि वाटेच्या टोकाला कोण आहे. वाट म्हणजे विहिरीचे पाणी, उडणारी धूळ, वाफ, किंवा मातीत खेळून तोंडात गेलेले बोट. तिघांपैकी एक जरी तोडले तरी माणूस वाचतो. घाण काढता येते, नाहीतर वाट बंद करता येते, तेही जमत नसेल तर तिथे घर किंवा शाळा न बांधता दुसरे काही करता येते. उपाय अनेक आहेत. माती खोदून नेणे, ती धुणे, जमिनीतली वाफ पंपाने ओढून घेणे, खालचे पाणी उपसून शुद्ध करणे, मातीतल्या जंतूंना हवा-खाद्य देऊन त्यांच्याकडूनच तेल खाऊन घेणे.

हा शेवटचा उपाय हैफाच्या किशोन नदीला केला. हीच ती नदी जिच्या काठी दबोरा नबीयेच्या वेळी सीसराचे रथ वाहून गेले. आपल्या काळात तिच्यात रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी वाहिले. नौदलाच्या पाणबुड्यांनी तिथे वर्षानुवर्षे सराव केला, त्यांच्यातले कितीतरी पुढे कर्करोगाने आजारी पडले. चौकशीसाठी 2000 साली माजी सरन्यायाधीश मेईर शामगार यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, पण आजार आणि नदी यांचा संबंध सिद्ध होतो का यावर 2003 मध्ये त्यातल्या सदस्यांचे एकमत झाले नाही. पुढे 2010 च्या दशकात नदीच्या खालच्या भागातला गाळ खोदून काढला आणि जंतूंच्या मदतीने साफ केला. माती साफ झाली, पण कोणामुळे कोण आजारी पडले हा हिशेब इतक्या उशिरा मांडायला गेले की असा अडकतो.

आता आपल्या वडीलधाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. जुन्या कारखान्याची जागा तपासायला येणारी माणसे पहिल्या दिवशी बोअर मारत नाहीत. आधी जुने नकाशे, विमानातून काढलेले जुने फोटो आणि परवाने काढून बसतात, आणि मग तिथे काम केलेल्या माणसांना शोधतात. का? कारण नकाशात टाकी दिसते, पण ती गळत होती हे दिसत नाही. पिंपे मागच्या कुंपणापाशी रिकामी करायचे, रंगाचे पाणी अमुक नाल्यात सोडायचे, एकदा आग लागली होती, हे फक्त पाळीवर असलेल्याला ठाऊक असते. बोअर महाग असतो. दहा बोअर चुकीच्या जागी मारले तर अहवालात सगळे छान छान येते. एका निवृत्त कामगाराने हात दाखवून सांगितले की इथे बघा, तर अकरावा बरोबर बसतो.

आपल्यातल्या किती जणांनी दिमोनाच्या कितान गिरणीत, लोदच्या विमान कारखान्यात, बेरशेबा-अश्दोदच्या छोट्यामोठ्या वर्कशॉपमध्ये जन्म काढला! तिथली जमीन बिघडलेली आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण तुम्ही जिथे काम केले ती जागा उद्या विकली गेली आणि नगरपालिकेने लोकांच्या हरकती मागवल्या, तर "आपल्याला हिब्रू कुठे धड येते" म्हणून घरी बसू नका. नातवाला बरोबर न्या, तो बोलेल, तुम्ही बोट दाखवा. किंवा आत्ताच एखाद्या शाब्बातला संध्याकाळी कागद घ्या आणि त्याच्याकडून चित्र काढून घ्या: फाटक कुठे, रंगखाता कुठे, तेलाची टाकी कुठे, पाणी कुठे जायचे. शेवटी आपण तेल्यांची लेकरे. कोकणात घाणा चालवणाऱ्या आपल्या पूर्वजांना तेल सांडले तर ते कुठे मुरते हे बघायला यंत्र लागत नव्हते.

नवीन घर घेणाऱ्या तरुणांनीही तीन प्रश्न विचारावेत: इथे पूर्वी काय होते, मातीचा अहवाल आहे का, आणि तपासणी बांधकाम संपल्यावरही चालू राहणार का. तिसऱ्या प्रश्नावर विक्रेत्याचे तोंड बघा. पहिल्या दोघांची उत्तरे त्याने पाठ केलेली असतात.

हिरियाला जायचे असेल तर उन्हाळ्यात संध्याकाळी जा, दुपारी माथा तापतो. वरून तेल अवीवच्या इमारती आणि स्वच्छ दिवस असेल तर समुद्रही दिसतो. पायथ्याशी अजून कचऱ्याची वर्गवारी चालते. त्यातला जळण्याजोगा भाग सुकवून रामलेच्या नेशेर सिमेंट कारखान्याला इंधन म्हणून जातो, म्हणजे तेल अवीवचा कचरा रामलेच्या भट्टीत आणि कदाचित सिमेंट होऊन परत तेल अवीवात. माथ्यावर गवतातून कुठे कुठे नळ्यांची तोंडे वर आलेली दिसतील. तोच तो वायू काढणारा भाग. मुलांना लांबून दाखवा, हात मात्र लावू देऊ नका.