कराचा अर्धा रुपया आणि संगणकाची संदर्भपुस्तिका

वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या केंद्रीय कायद्याचे १७० वे कलम आमच्या व्यापारी बांधवांना ठाऊक असेलच. कराच्या रकमेत पन्नास पैसे वा अधिक असतील तर पूर्ण रुपया धरायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे. आता हाच हिशेब पायथॉन या संगणकभाषेतील 'राउंड' या तयार आज्ञेने करून पाहा. १०३.५० चे १०४ होतात, पण १०२.५० चे १०२!

आज्ञा बिघडलेली नाही. बरोबर मधोमध पडणारा आकडा सम संख्येकडे न्यायचा, हा २००८ साली आलेल्या पायथॉन ३ चा नियम आहे. भाषेच्या संदर्भपुस्तिकेत तो उदाहरणासह दिला आहे. २.६७५ चे २.६८ न होता २.६७ होतात, हेही तिथे नोंदले आहे. (संगणकाच्या शून्य-एकच्या पद्धतीत २.६७५ नेमका बसत नाही, किंचित कमी साठतो.) 'संख्या जवळच्या पूर्णांकावर आणते' एवढेच छापले असते, तर ते खोटे नसते, पण बिलाचा प्रोग्राम लिहिणारा फसला असता.

आमच्या मते अशा नोंदीने पुढची वाटही तिथेच दाखवावी. ही पुस्तिका खुली आहे, सुधारणा कोणीही सुचवू शकतो. पैशांच्या हिशेबासाठी पायथॉनमध्ये २००४ पासून 'डेसिमल' हे वेगळे साधन आहे. त्यात 'राउंड हाफ अप' निवडले की १०२.५० चे १०३ होतात. रक्कम मात्र अवतरणचिन्हांत द्यावी, नाहीतर ती शून्य-एकची खोट आत शिरतेच. आपल्या प्रोग्रामरने काय वापरले आहे, ते १०२.५० घालून आजच पाहता येईल.