जुन्या व्हिडिओ गेमचा चित्र-जीर्णोद्धार : मूळनिष्ठेचा प्रश्न

जुनी पोथी जीर्ण झाली म्हणजे तिची नक्कल करावी लागते, आणि नक्कल करणारा सावध नसेल तर अक्षराबरोबर पाठही बदलतो, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. हाच प्रश्न अलीकडे एका सर्वस्वी निराळ्या क्षेत्रात उपस्थित झाला आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम आजच्या पडद्यावर अस्पष्ट दिसतात, म्हणून त्यांच्या चाहत्यांनी स्वतःच्या श्रमाने त्यांची सर्व चित्रे नव्याने सिद्ध करण्याचे उद्योग हाती घेतले आहेत. हे काम केवळ तांत्रिक आहे, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः मूळ कृती कोणती व तिच्याशी निष्ठा म्हणजे काय, याचा निर्णय केल्यावाचून त्यातील एकही चित्र पुरे होऊ शकत नाही. प्रस्तुत लेखात या कामाची रीत आणि तीतून निघणारा हा प्रश्न यांचा विचार केला आहे.

(१) अस्पष्टतेचे कारण

त्रिमितीय खेळातील कोणतीही वस्तू दोन घटकांनी सिद्ध होते. पहिला घटक तिचा सांगाडा. तो लहान लहान त्रिकोणांचा केलेला असतो. दुसरा घटक त्या सांगाड्यावर बसविलेले सपाट चित्र. यास टेक्स्चर म्हणतात; येथे त्यास 'पोतचित्र' म्हटले आहे. भिंतीचा सांगाडा दोनच त्रिकोणांचा असला, तरी त्यावर दगडी बांधकामाचे छायाचित्र बसविले की भिंत दगडी भासते. जुन्या खेळांतील बहुतेक तपशील सांगाड्यात नसून या पोतचित्रांत असतो.

परंतु पोतचित्रांस जागा लागते. निन्टेन्डोच्या २००१ सालच्या 'गेमक्यूब' या यंत्राची मुख्य स्मृती अवघी २४ मेगाबाइट होती. तीत आज्ञावली, सांगाडे, हालचाली आणि चित्रे या सर्वांची सोय करावयाची असे. म्हणून बाजूस ६४ किंवा १२८ पिक्सेल एवढ्या लहान पोतचित्रांवर भागवावे लागे आणि तीही संक्षिप्त करून साठवावी लागत. संक्षेपाच्या प्रचलित पद्धतीत चित्राचे सोळा सोळा पिक्सेलांचे चौकोन पाडीत व प्रत्येक चौकोनास फार तर चार रंग देत. त्यांपैकी दोनच रंग नोंदले जात, उरलेले त्यांवरून काढले जात. त्या काळच्या दूरचित्रवाणी संचावर ही काटकसर झाकून जाई. आजच्या पडद्यावर ती उघडी पडते.

६४ पिक्सेल बाजूच्या चित्रात ४,०९६ पिक्सेल असतात. १,०२४ पिक्सेल बाजूच्या चित्रात १०,४८,५७६. म्हणजे पहिल्याच्या जागी दुसरे ठेवावयाचे तर दर २५६ पिक्सेलांपैकी २५५ पिक्सेलांना जुन्या चित्रात आधार नाही. ते कोठून आणावयाचे, हाच या कामातील खरा प्रश्न होय.

(२) एक उदाहरण

'रेसिडेंट ईव्हिल ४' हा जपानमधील कॅपकॉम या संस्थेचा खेळ २००५ साली प्रथम गेमक्यूबवर आला. स्पेनमधील एक ओसाड खेडे, एक किल्ला व एक बेट ही त्याची स्थळे. २०१४ साली संस्थेनेच संगणकासाठी त्याची सुधारित आवृत्ती काढली. परंतु तीत पुष्कळ पोतचित्रे अस्पष्टच राहिली. त्याच वर्षी सुरू झालेले नव्या चित्रांचे काम मुख्यत्वे दोन चाहत्यांनी चालविले आणि २ फेब्रुवारी २०२२ रोजी ते पूर्ण स्वरूपात विनामूल्य उपलब्ध करून दिले. मूळ खेळ त्यात दिलेला नाही. ज्याने खेळ विकत घेतला आहे, त्याने जुन्या चित्रांच्या जागी ही नवी बसवावयाची.

त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, रिकाम्या जागा त्यांनी शक्यतो कल्पनेने भरल्या नाहीत. खेळातील भिंती, दारे, नक्षी ही मुळात खऱ्या वस्तूंच्या छायाचित्रांवरून तयार केलेली होती. तेव्हा त्या वस्तू शोधून काढणे हाच निश्चित मार्ग होता. काही पोतचित्रांची मुळे विक्रीस असलेल्या छायाचित्रसंग्रहांत सापडली. काहींसाठी स्पेन व वेल्स येथील मूळ वास्तूंपर्यंत जाऊन नवी छायाचित्रे घ्यावी लागली. ६४ पिक्सेलांच्या डागावरून तो कोणत्या वास्तूच्या कोणत्या दगडाचा आहे हे ठरविणे म्हणजे त्रुटित पाठावरून मूळ आदर्शप्रतीचा शोध घेण्यासारखेच आहे.

मूळ सापडले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. छायाचित्राचा जो भाग मूळ चित्रकाराने घेतला होता तोच घ्यावयाचा. त्याने रंग काळवंडला असेल तर तसाच काळवंडावयाचा. एकच चित्र शेजारी शेजारी मांडून मोठी भिंत झाकली असेल तर त्याच्या कडा परस्परांशी बेमालूम जुळवावयाच्या. सांगाड्यावर चित्र बसविण्याचे मोजमाप चित्राच्या लांबी-रुंदीच्या अपूर्णांकांत असते. त्यामुळे मोठे चित्र जुन्या जागी नेमके बसते. पण तेच चित्र खेळात अन्यत्र वापरलेले असते. दाराच्या फळीचे चित्र दुसरीकडे पेटीवर ताणलेले असले, तर दारावर शोभणारी सुधारणा पेटीवर विद्रूप दिसते. म्हणून प्रत्येक चित्र खेळातील त्याच्या सर्व स्थानी तपासणे भाग पडते.

याहून मोठी अडचण पुढे येते. चित्र स्पष्ट झाले की सांगाड्याचा ओबडधोबडपणा डोळ्यांत भरतो. पोतचित्र अंधुक असता जी विहीर गोल वाटत होती, ती आता अष्टकोनी दिसते. मग सांगाडाही सुधारावा लागतो. तथापि पात्र कोठे अडावे व कोठून जावे याची अदृश्य आखणी खेळात स्वतंत्र असते. दृश्य आकार तिच्यापासून दूर गेला, तर पात्र हवेस धडकते किंवा भिंतीत शिरते. म्हणजे जीर्णोद्धारकास दिसणाऱ्या रूपाबरोबर न दिसणारी मर्यादाही पाळावी लागते. काम वर्षानुवर्षे लांबले याचे कारण येथे आहे. त्यातील बराच काळ सांगाडे, प्रकाशयोजना आणि निरनिराळ्या आवृत्त्यांत शिरलेले दोष यांच्या दुरुस्तीत गेला.

मूळ छायाचित्राच्या शोधास आणखी एक बाजू आहे. ज्यूडी ज्युरासेक या अमेरिकन लेखिकेचा 'सर्फेसेस' हा पृष्ठभागांच्या छायाचित्रांचा संग्रह १९९६ साली तबकडीसह प्रसिद्ध झाला होता. त्यातील छायाचित्रे याच खेळात व अन्य खेळांत अनुमतीवाचून वापरली, असा दावा त्यांनी २०२१ साली कॅपकॉमविरुद्ध अमेरिकेतील न्यायालयात दाखल केला. २०२२ च्या आरंभी तो वाद उभयपक्षी मिटला. खेळातील ज्या चित्रास 'मूळ' म्हणावे, त्याच्यामागे आणखी एक मूळ असू शकते व त्याचा कर्ता निराळा असू शकतो, हे यावरून दिसते.

(३) यंत्राने सुचविलेला पाठ

मूळ सापडतच नाही अशीही पोतचित्रे असतात. त्यांच्यासाठी अलीकडे यंत्रशिक्षणाचा आश्रय घेतला जातो. २०१८ साली प्रसिद्ध झालेली 'ईएसआरजीएएन' ही पद्धत या बाबतीत विशेष प्रचारात आली. असंख्य चित्रांची स्पष्ट व अस्पष्ट रूपे यंत्रापुढे ठेवून, अमुक प्रकारच्या डागाच्या जागी बहुधा अमुक तपशील असतो, हे त्यास शिकविले जाते. 'फायनल फँटसी ९' या २००० सालच्या खेळाची पार्श्वचित्रे चाहत्यांनी 'मोगुरी' या प्रकल्पात याच मार्गाने वाढविली. मात्र पात्र खांबामागून जाते तेव्हा खांबाची कड नेमकी कोठे धरावयाची, हे यंत्रावर न सोडता त्यांनी थरांच्या कडा हाताने आखल्या.

यंत्र देते तो संभाव्य पाठ होय; सिद्ध पाठ नव्हे. नकलकाराने दुर्बोध शब्दाच्या जागी परिचित शब्द घालावा, तसा हा प्रकार आहे. अशा ठिकाणी अवघड पाठ बहुधा जुना मानावा, हा पाठचिकित्सेतील संकेत प्रसिद्धच आहे. चित्रांच्या बाबतीतही तो किती सार्थ आहे, याचे उदाहरण 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' या २००४ सालच्या खेळाच्या २०२१ सालच्या अधिकृत आवृत्तीत मिळते. मूळ खेळात 'टफ नट' नावाच्या डोनटच्या दुकानावर नट-बोल्टमधील षट्‌कोनी नटाच्या आकाराचे चिन्ह होते. नावातील श्लेष त्या सहा कोनांवरच उभा होता. नव्या आवृत्तीत कडा गुळगुळीत होऊन त्याचे साधे वर्तुळ झाले. येथे बिघडला तो सांगाडा. पण त्याच आवृत्तीत दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरेही चुकीची उमटली होती. दोहोंचे मूळ एकच : जे खडबडीत दिसले ते दोषास्पद मानले गेले, ते हेतुपुरस्सर असेल काय, हा विचार झाला नाही.

(४) निष्ठेची मर्यादा

तथापि मूळ चित्राशी निष्ठा म्हणजे साठविलेल्या पिक्सेलांशी निष्ठा, असेही म्हणता येत नाही. १९९१ सालच्या 'सोनिक द हेजहॉग' या खेळातील धबधबा उभ्या, एकाआड एक रेषांनी काढला आहे. त्या वेळच्या दूरचित्रवाणीवर शेजारच्या रेषा परस्परांत मिसळत व पाणी पारदर्शक भासे. आजच्या पडद्यावर तोच धबधबा तंतोतंत दाखविला, तर गजांची जाळी दिसते. साठविलेले चित्र अविकृत राहूनही मूळ परिणाम नष्ट होतो. चित्रकाराने जे नोंदले आणि प्रेक्षकाने जे पाहिले, त्या दोहोंमध्ये यंत्र उभे होते. यंत्र बदलले की या दोहोंपैकी एकाचीच निवड करता येते. ही निवड कोणतेही साधन आपोआप करून देत नाही.

यावरून जीर्णोद्धार व नवनिर्मिती यांतील सीमारेषा स्पष्ट होते. २०२३ साली कॅपकॉमने 'रेसिडेंट ईव्हिल ४' पूर्णतः नव्याने रचून प्रसिद्ध केला. त्यामुळे चाहत्यांचे काम निरर्थक ठरले, असे म्हणणे योग्य होणार नाही. तीच कथा आज रचावयाची तर ती कशी असावी, या प्रश्नाचे उत्तर संस्थेने दिले. २००५ सालच्या चित्रकारापुढे जागेची अडचण नसती तर त्याचीच भिंत कशी दिसली असती, या प्रश्नाचे उत्तर चाहत्यांनी शोधले. पहिल्या उत्तरास स्वातंत्र्य आहे. दुसऱ्यास पुरावा द्यावा लागतो, आणि तो पुरावा कधी कधी वेल्समधल्या एखाद्या भिंतीसमोर जाऊनच मिळवावा लागतो.