जास्वंदीवरचा पांढरा कापूस

मौदा, कुही, भिवापूर हा नागपूर जिल्ह्यातला मिरचीचा पट्टा. इथल्या घरात कोनाड्यात अर्धी उरलेली औषधाची बाटली हमखास असते, आणि अंगणातल्या जास्वंदीवर कीड दिसली की हात आधी तिकडेच जातो. तो आवरावा. जास्वंदीचे फूल देवाला जाते, शेजारचा गोडलिंब फोडणीत पडतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते तर मोकळ्या रानात. अंगणात लेकरे खेळतात.

आधी कीड ओळखू. शेंड्याला, कळीच्या देठाशी कापूस चिकटल्यासारखा दिसतो तो पिठ्या ढेकूण, म्हणजे अंगावर मेणाची भुकटी असलेला, झाडाचा रस शोषणारा मऊ किडा. तो गोड चिकटा सोडतो. पाने चकाकतात आणि पुढे त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. ती पाहून बुरशीचे औषध आणणे म्हणजे पैसा वाया. चिकटा थांबला की बुरशी वाळून झडते.

आता कात्री. आकसलेले शेंडे निरोगी भागापर्यंत कापावेत, पण आधी फांदीखाली पिशवी धरावी. नाहीतर धक्क्याने पिल्ले खालच्या पानांवर सांडतात. कापलेले तुकडे खताच्या खड्ड्यात न टाकता साबणाच्या पाण्यात बुडवावेत.

मग पाणी. पाइपाचे तोंड बोटाने दाबून पानांच्या मागच्या बाजूने जोरदार धार मारावी, सकाळीच. दोन-तीन दिवसांआड हे केले की बरीच कीड धुऊन जाते. उन्हाळ्यात पानामागे जाळी विणणाऱ्या लाल कोळ्यालाही हाच उपाय लागू पडतो.

एवढे करूनही कीड परतली, तर खोडाकडे बघावे. मुंग्यांची रांग दिसेल. चिकट्यासाठी त्या पिठ्या ढेकणाची राखण करतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. खोडाला कापडाची पट्टी बांधून वरून ग्रीस लावावे, सालीला थेट नको. एखादी फांदी भिंतीला टेकलेली असेल तर मुंग्या तिकडून चढतात आणि पट्टी नुसती शोभेची ठरते.

त्यानंतर निंबोळी अर्क. पावसाच्या तोंडावर धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली पिकल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवाव्यात. उन्हात वाळवल्या की त्यातले अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीची भूक आणि वाढ रोखणारे द्रव्य, कमी होते. बुरशी चढलेल्या बिया फेकाव्यात. लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम बियांचा चुरा रात्रभर भिजवून फडक्यातून गाळावा आणि चिमूटभर साबणचुरा घालावा. साबणामुळे अर्क मेणावरून ओघळत नाही. साबण जास्त झाला तर पाने करपतात. फवारणी उन्हे उतरल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंनी. नागपूरकडच्या मे महिन्यात दुपारी फवारले तर झाडच भाजते. अर्क त्याच दिवशी संपवावा.

दुसऱ्या दिवशी किडे तसेच दिसतात आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. अंडी मेणाच्या पिशवीत सुरक्षित राहतात, पिल्ले नंतर निघतात. म्हणून आठवड्याने पुन्हा फवारावे.

कापण्याआधी आणि फवारण्याआधी एक तपासणी मात्र करावी. पिठ्या ढेकणांतच त्यांच्याहून मोठा, लांब पांढऱ्या झुपक्यांचा आणि भराभर चालणारा किडा दिसला, तर ती बहुधा क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते. ती पिठ्या ढेकूणच खाते, पण दिसते त्याच्यासारखी, म्हणून बिचारी चिरडली जाते. तसेच काही ढेकूण तपकिरी, फुगीर, कडक झालेले आढळतात. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण जास्वंदीवरही राहतो, आणि एनेशिअस नावाची बारीक माशी त्याच्या पोटात अंडी घालते. हे कडक कवच म्हणजे मेलेला ढेकूण, आत तिचे पिल्लू असते. अशी फांदी कापू नये, फवारू नये. चुकून कापली गेलीच तर कीड असलेल्या दुसऱ्या झाडाला सुतळीने बांधून ठेवावी, म्हणजे माश्या तिथे बाहेर पडतील.