तळी भरण्याच्या दिवसांत सौंदड

पावसाळी सहल म्हटली की शहरी कुटुंबाच्या डोळ्यांपुढे कोकण उभे राहते. परंतु नेमक्या याच महिन्यांत समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरणे धोक्याचे ठरते, बऱ्याचशा प्रवासी बोटी बंद राहतात आणि मुले मुक्कामाच्या खोलीत खिडकीला नाक लावून बसतात. विदर्भाच्या पूर्व टोकाला समुद्र नाही. तेथे तळी आहेत आणि ती पाहण्याचा खरा हंगाम पावसाचाच. गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे गाव अशा सहलीसाठी सोयीचे. मुंबई-कोलकाता महामार्ग आणि गोंदिया-बल्लारशा लोहमार्ग येथे एकमेकांना छेदतात.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. या भागात येणारे बहुतेक जण वाघाच्या ओढीने येतात. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली जाहीर झाले, नागझिरा अभयारण्य त्याच्याही आधीचे. दोन्ही मिळून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. मात्र पावसाळ्यात, साधारणतः जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते. रस्ते चिखलात रुततात आणि प्राण्यांनाही निवांतपणा हवा असतो. तेव्हा मुलांना वाघाचे आश्वासन देऊन निघू नये. तलावाचे द्यावे.

सौंदडहून वडशाच्या दिशेने जाणाऱ्या गाडीने देवलगाव स्थानकावर उतरले की नवेगावबांधचा तलाव जवळच आहे. सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरलेले हे पाणी अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी अडविले, असे सांगितले जाते. भोवतीच्या डोंगरांमधील खिंडी लहान लहान बांधांनी बुजवून हा तलाव सिद्ध झाला. त्या डोंगरांतील सात शिखरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात, तर कोलू पाटील पुढे कोलासूर देव झाले. तलाव बांधणाऱ्याला देवत्व देणारा हा मुलूख आहे. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून येथे राहिले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक त्यांनी या वास्तव्यावर लिहिले. १८ जून २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

एवढा मोठा तलाव पाहून परत फिरणे म्हणजे निम्मी सहल सोडून देणे. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. मालगुजारी गेली आणि त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, थोडक्यात ‘मामा तलाव’ असे पडले. शहरी मुलांना या नावाची गंमत वाटते. तिचा उपयोग करून त्यांना पाण्याचा हिशेब समजावून देता येतो. वरचा तलाव भरला की सांडव्यातून निघालेले पाणी खालच्या तलावात जाते, तेथून बोडीत, बोडीतून धानाच्या बांधीत. उन्हाळ्यात हे सारे नकाशावरच्या रेषांसारखे निर्जीव दिसते. पावसाच्या दिवशी पाळीवर उभे राहिल्यास ती यंत्रणा डोळ्यांदेखत चालू असते. पुष्कळ तलावांत आज गाळ आणि बेशरमाची झुडपे माजली आहेत, हेही मुलांना दिसू द्यावे. पक्ष्यांच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवावी. परदेशी बदके हिवाळ्यात येतात. पावसाळ्यात कमळाच्या पानांवर चालणारे कमळपक्षी दिसतात.

दिवस कोणता निवडावा, हा खरा प्रश्न. जिल्ह्यात वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण कोकणासारखा सलग नव्हे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन ते ओडिशा-छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे सरकले की येथे दोन-तीन दिवस झड लागते, मग उघडीप. झडीच्या ऐन भरात निघू नये. ती ओसरल्यानंतरचा दिवस उत्तम: तळी तुडुंब, रस्ते मोकळे, आकाश ढगाळ.

तोच दिवस गावाच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत घाईचा असू शकतो. जूनमध्ये टाकलेले धानाचे पऱ्हे तीन-चार आठवड्यांनी उपटून चिखलणी केलेल्या बांध्यांत लावतात. यालाच रोवणी म्हणतात. पाऊस लांबला तर पऱ्हे वाढून जातात आणि उत्पन्न घटते. म्हणून पाणी साचताच घरोघरची माणसे शेतात उतरतात. पाहुण्यांनी धुऱ्यावर मोटार उभी करू नये, विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत. विचारून मुलांना चार रोपे लावू दिली, तर मात्र ती रात्रीच्या जेवणातला भात वेगळ्या नजरेने पाहतील.

धोका पाण्याचाच आहे आणि तो दिसत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण भरले की सांडव्याकडे गर्दी लोटते. शेवाळलेल्या दगडांवर उतरण्याचा मोह मोठ्यांनाच अधिक होतो. नाल्यांवरचे बुटके रपटे तर कमालीचे फसवे. फूटभर वेगवान पाणीही लहान मोटार ढकलू शकते, आणि खालचा रस्ता वाहून गेला आहे की नाही ते गढूळ पाण्यात कळत नाही. पलीकडे जाणारा ट्रॅक्टर पाहून धाडस करणे मूर्खपणाचे. पाणी उतरेपर्यंत थांबावे किंवा मागे फिरावे; आगगाडीने आलेल्यांना ही चिंता नसते.

मोटारीने गोंदियाकडे परतणाऱ्यांनी अंधारापूर्वी निघावे. कोहमारा-गोंदिया मार्गावर मुरदोलीच्या जंगलात वन्यप्राणी रस्ता ओलांडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये याच परिसरात मोटारीच्या धडकेने एक वाघ दगावला. वाटेत रस्त्याकडेला पानावर मांडलेल्या सात्या किंवा बांबूचे कोवळे वास्ते दिसले, तर उजेड असतानाच घ्यावेत. सात्या ही पावसाळी रानअळिंबी. ती ओळखीच्या गावकऱ्याकडूनच घ्यावी, स्वतः तोडू नये, आणि त्याच रात्री शिजवावी. दुसऱ्या दिवसापर्यंत ती टिकत नाही.