ऑरेंज ऑर्डर: आर्माच्या सफरचंदांच्या गावातून निघालेली मिरवणूक

लॅम्बेग ढोल छातीवर घ्यायचा तर खांद्यांत जोर हवा. त्याचं खोड ओकच्या लाकडाचं, तोंड जवळजवळ तीन फुटांचं आणि दोन्ही बाजूंची पानं बकरीच्या कातड्याची. दोऱ्या ताणून पान चढवायला वेळ लागतो आणि त्यासाठी तयार कानही लागतो. काठीऐवजी हातात वेताच्या दोन छड्या असतात. वाजवणारा रंगात आला की मनगटं ढोलाच्या कडेवर घासून सोलवटतात, तरी तो थांबत नाही. १२ जुलैला उत्तर आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. गावोगावची लॉजं, म्हणजे स्थानिक शाखा, खांद्यावर नारिंगी पट्टा, डोक्यावर काळी बोलर हॅट आणि पुढे रेशमी निशाण घेऊन रस्त्यावर उतरतात. या लोकांच्या संघटनेचं नाव आहे ऑरेंज ऑर्डर.

नावातला ऑरेंज म्हणजे फळ नव्हे. दक्षिण फ्रान्समध्ये त्या नावाचं गाव आहे. तिथल्या राजघराण्याची पदवी मिरवणारा विल्यम पुढे इंग्लंडच्या गादीवर बसला. १६९० मध्ये बॉइन नदीकाठी त्याने आपला कॅथलिक सासरा दुसरा जेम्स याचा पराभव केला. आयर्लंडच्या प्रॉटेस्टंटांना तो आपला तारणहार वाटला. ऑर्डरच्या अनेक निशाणांवर आजही नदी ओलांडणारा पांढऱ्या घोड्यावरचा विल्यम दिसतो.

संघटना मात्र त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी उभी राहिली, आणि तीही राजवाड्यात नव्हे. आर्मा परगण्यात घरोघरी माग होते, लिनन विणलं जाई. जमीन थोडी, हात फार. शेतीचे खंड आणि विणकामाची कमाई यांवरून प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक शेजारी एकमेकांच्या उरावर बसले होते. प्रॉटेस्टंटांची ‘पीप ओ डे बॉइज’ टोळी पहाटे कॅथलिकांच्या घरांत शिरे. कॅथलिकांनी ‘डिफेंडर्स’ उभे केले. २१ सप्टेंबर १७९५ रोजी लॉफगॉल गावाजवळच्या डायमंड नावाच्या चौकात दोन्ही जमाव भिडले. डिफेंडर्स हरले, त्यांची बरीच माणसं मेली. चौकातलं डॅन विंटरचं गवती छपराचं घर आज संग्रहालय म्हणून जपलं आहे. चकमकीनंतर लॉफगॉलच्या जेम्स स्लोनच्या घरातून पहिल्या लॉजांना सनदा दिल्या गेल्या. लॉज, सनद, खुणेचे शब्द, पायऱ्या ही सगळी रचना फ्रीमेसन मंडळींकडून उचललेली होती. पुढच्या महिन्यांत हजारो कॅथलिकांना आर्मातून हुसकावण्यात आलं. संघटनेचा जन्म सांगताना हे पान उलटून पुढे जाता येणार नाही.

सभासदाकडून काय अपेक्षा आहे ते ऑर्डरने लिहून ठेवलं आहे. देवावर प्रेम, आईवडिलांचा मान, रविवारचं पावित्र्य, दारूपासून लांब राहणं. रोमच्या धर्ममताला ठाम विरोध, पण कॅथलिक माणसाबद्दल कठोर शब्द काढायचा नाही. कॅथलिकाला सभासदत्व नाही. बंधुभावाची बाजू खरी आहे. सभासदांच्या पोरक्या मुलांना लॉर्ड एनिस्किलन स्मृती अनाथ संस्था मदत करते. खेड्यातला ऑरेंज हॉल कित्येक वस्त्यांत एकत्र जमण्याची एकमेव जागा असतो.

ब्रिटिश संसदेच्या चौकशीनंतर १८३६ मध्ये ऑर्डरचं मुख्य लॉज बरखास्त झालं, पण गावातली मुळं शाबूत राहिली. स्थलांतरितांनी ती कॅनडापर्यंत नेली. टोरोंटोचं महापौरपद कित्येक दशकं बहुधा ऑरेंजमनकडेच राही. १९५४ च्या निवडणुकीत ज्यू धर्मीय नेथन फिलिप्स जिंकले आणि ती परंपरा खंडित झाली. घाना आणि टोगोमध्येही लॉजं आहेत. १९२१ ते १९७२ या काळातले उत्तर आयर्लंडचे सहाही पंतप्रधान ऑरेंजमन होते. आपल्याला या राज्यात जागा नाही असं तिथल्या कॅथलिकाला का वाटलं, ते या एका गोष्टीवरून कळतं. आणि ऑरेंजमनला भीती का वाटते, ते टलीव्हॅलनच्या ऑरेंज हॉलमध्ये कळतं. १९७५ मध्ये तिथे बैठक चालू असताना बंदूकधाऱ्यांनी पाच सभासदांना ठार केलं.

माझ्या मते या संघटनेची खरी कसोटी लॉजच्या आत लागत नाही, रस्त्यावर लागते. ज्या वाटेने आजोबा गेले त्याच वाटेने जाणं हा ऑरेंजमनला वारसा वाटतो. त्याच वाटेवर घर असलेल्या कॅथलिकाला तो ढोल आपल्या दारात वाजवलेला विजयाचा डंका वाटतो. पोर्टडाउनजवळच्या ड्रमक्रीच्या चर्चमधून गार्वाही रोडने परतणारी मिरवणूक १९९५ पासून दरवर्षी पेटत गेली. १९९८ मध्ये मिरवणूक आयोगाने तो रस्ता बंद केला, सैन्याने अडथळे उभारले. हा तणाव चालू असतानाच त्या वर्षीच्या १२ जुलैच्या पहाटे बॅलीमनी गावात एका घरावर पेट्रोल बॉम्ब पडला आणि तीन लहान भाऊ जळून मेले. माणसाबद्दल कठोर शब्द नको असं ज्यांच्या नियमांत लिहिलं आहे, त्यांनी त्या सकाळी वाट सोडायला हवी होती. काही सभासदांनी आणि पाद्र्यांनी तसं उघडपणे सांगितलंही.

आयर्लंडच्या तिरंग्यात हिरवा रंग कॅथलिक परंपरेचा, नारिंगी विल्यमच्या वारसांचा आणि मधला पांढरा दोघांमधल्या समेटाचा. गार्वाही रोडवरून मात्र १९९७ नंतर ही मिरवणूक गेलेली नाही. त्यानंतरही वर्षानुवर्षं पोर्टडाउनच्या लॉजने त्या रस्त्यासाठी दर आठवड्याला नवा अर्ज भरला.