एका दुकानाची दोन कपाटं

दुकानात येणारं नवीन गिऱ्हाईक हमखास एक प्रश्न विचारतं, "काका, एवढी पुस्तकं आहेत तुमच्याकडे, सगळी वाचलीत का हो?" मी हसून म्हणतो, "मिठाईवाला रोज कुंदा खातो का?" पण खरं सांगायचं तर मी खातो! विकायला आणलेलं पुस्तक आधी स्वतः वाचायचं, पानं दुमडू द्यायची नाहीत, आणि मग ते कोऱ्या पुस्तकासारखं कपाटात ठेवायचं, ही चोरी मी गेली चाळीस वर्षं करत आलोय.

माझं बालपण निपाणीत गेलं. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. घरी यायचे ते अंगाला तंबाखूचा वास घेऊनच. आमच्या घरात पुस्तकं म्हणजे पंचांग, पोथ्या आणि हिशेबाच्या वह्या. मात्र महिन्यातून एकदा वडील 'चांदोबा' आणायचे. शेजारच्या अक्कांच्या घरी तोच अंक कन्नडमध्ये यायचा, 'चंदमामा' नावानं. चित्रं तीच! खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम राजा इथेही आणि तिथेही. मी दोन्ही अंक शेजारी ठेवून बसायचो. मराठीत जिथे 'राजा' आहे, तिथे त्या जिलेबीसारख्या गोल अक्षरांत काय आहे, ते बोटानं शोधायचो. 'राजनु' हा मी वाचलेला पहिला कन्नड शब्द. शाळेत कन्नड नंतर आलं, पण लिपी मला विक्रम-वेताळानं शिकवली. चित्रकार शंकर २०२० साली गेले तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

गावाबद्दल एक गंमत सांगतो. निपाणी कर्नाटकात, पण निपाणीची पोरं ज्या देवचंद कॉलेजात शिकायला जातात ते अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून आम्ही अशा रेषा रोज ओलांडतो. पुस्तकंही ओलांडतात.

लेखक म्हणजे पुण्या-मुंबईचा, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस, असं मला लहानपणी वाटायचं. महादेव मोरे यांचं लेखन हाती आलं आणि तो समज गेला. निपाणीत पिठाची गिरणी चालवणारा माणूस आपल्या गावच्या कष्टकऱ्यांवर, आपल्याच बोलीत लिहितो आणि ते छापलं जातं! मोरे २०२४ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्या आठवड्यात मी त्यांची शिल्लक होती ती सगळी पुस्तकं दुकानाच्या दर्शनी काचेत लावली. विकली गेली दोनच. पण लावली याचं समाधान आहे.

सोळाव्या वर्षी मी बेळगावात आलो आणि एका पुस्तकाच्या दुकानात कामाला लागलो. झाडलोट, गठ्ठे सोडणं, पार्सलं बांधणं. मालक कडक, पण दुपारी दुकान बंद असताना वाचायला ना नसे. तेव्हा मला कळलं की आपण कुठल्या गावात आलोय. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात पु. ल. देशपांडे काही काळ प्राध्यापक होते. इंदिरा संत इथल्याच. मराठी साहित्य संमेलनं इथे झाली, १९२९, १९४६ आणि २००० साली, तर २०११ मध्ये विश्व कन्नड संमेलनही. प्रकाश नारायण संतांचा लंपन मराठीत बोलता बोलता मध्येच कन्नडात शिरतो. ते वाचून पुण्याच्या वाचकाला नवल वाटलं असेल. आम्हाला ते आपल्या स्वयंपाकघरातलं बोलणं वाटलं.

पुढे स्वतःचं दुकान थाटलं. गल्लीतली एवढीशी जागा, दोन भिंतींना दोन कपाटं. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. हितचिंतकांनी सांगितलं, "एकच काहीतरी धर. दोन्ही दगडांवर पाय ठेवलास तर पडशील." मी ऐकलं नाही. रणजित देसाई तर आमच्या शेजारच्या कोवाडचे, 'स्वामी' घरोघर हवाच. मग बेंद्रे का नकोत? कन्नडचे एवढे मोठे कवी, पण घरची बोली मराठी. वि. स. खांडेकरांची 'ययाति' कादंबरी १९५९ सालची आणि गिरीश कार्नाडांचं 'ययाति' हे कन्नड नाटक धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेनं काढलं १९६१ मध्ये. एकच राजा, दोन भाषा! ही दोन पुस्तकं मी मुद्दाम टेबलावर शेजारी ठेवायचो. अगदी 'चांदोबा'सारखी.

धंद्याचं म्हणाल तर दुकान चालवलं ते जून महिन्यानं. पाठ्यपुस्तकं, वह्या, कंपास. त्यावर वर्षाचं भाडं निघायचं. दिवाळी अंकांवर घरची दिवाळी व्हायची. कथा-कादंबऱ्या म्हणजे हौस. बायको म्हणायची, "तुमचा नफा कपाटात आहे, डब्यात नाही."

वाईट दिवसही पाहिले. एका आंदोलनात माझ्या पाटीवर काळं फासलं गेलं. कुठल्या भाषेच्या अक्षरांवर ते सांगत नाही, कारण काही वर्षांनी दुसऱ्या भाषेच्या अक्षरांवरही फासलं गेलं. दोन्ही वेळा रॉकेलचा बोळा घेऊन मीच पाटी पुसली. दोन्ही वेळा मदतीला शेजारचे दुकानदार आले, आणि कोण कुठल्या भाषेचा हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

मुलानं लग्न ठरवलं ते धारवाडच्या कन्नड मुलीशी. माझी हरकत नव्हती. पण बायकोचं कन्नड भाजीबाजारापुरतं आणि सुनेचं मराठी 'हो-नाही'पुरतं. सहा महिने दोघी अगदी गोड वागल्या, म्हणजे बोलल्याच नाहीत. मला घरात जेवण जाईना. एक दिवस मी भैरप्पांचं 'वंशवृक्ष' आणलं. सुनेला मूळ कन्नड आणि बायकोला उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद. उमाताई मूळच्या बेळगावच्या, आणि याच अनुवादाला १९८९ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. विधवा सून कात्यायनी पुन्हा लग्न करते आणि तिचा मुलगा सासऱ्यांकडे, श्रोत्रींकडे राहतो. पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरातून मोठ्यानं आवाज आले. मी धावलो. बायको कात्यायनीची बाजू घेत होती आणि सून श्रोत्रींची! अर्धं मराठी, अर्धं कन्नड, हातात लाटणं. मी हळूच मागं फिरलो. त्या दिवशी दोघींना माझ्या चहाची आठवण राहिली नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

२०२० च्या टाळेबंदीनंतर मात्र धंदा बसला. शाळा बंद, जून गेला. पुढे लोकांना घरपोच पुस्तकं मागवायची सवय लागली. मुलगा एका रात्री हिशेब घेऊन बसला. म्हणाला, "बाबा, अर्धी जागा मोबाईल दुरुस्तीवाल्याला देऊया. एक कपाट काढावं लागेल." त्याचं गणित चुकलेलं नव्हतं. प्रश्न एवढाच होता, कुठलं कपाट काढायचं? त्या रात्री मला झोप लागली नाही. मराठीचं काढू म्हटलं तर वडील आठवायचे, कन्नडचं काढू म्हटलं तर शेजारच्या अक्का.

शेवटी जागा दिली, पण कपाट एकच ठेवून दोन्ही भाषा त्यात मिसळल्या. भाषेप्रमाणे लावणं बंद केलं. ययातिशेजारी ययाति, 'वंशवृक्ष'शेजारी 'वंशवृक्ष'. निम्मी पुस्तकं गावोगावच्या वाचनालयांना दिली. देताना डोळ्यांत पाणी आलं, ते धुळीमुळे असं मी मुलाला सांगितलं.

आता काळजी आहे ती अकरा वर्षांच्या नातवाची. तो इंग्रजी माध्यमात शिकतो. आजीशी मराठी बोलतो, आईशी कन्नड, पण वाचताना दोन्हीकडे अडखळतो. रागावून उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. मे महिन्यात मी ट्रंकेतून जुने 'चांदोबा' आणि 'चंदमामा' काढून दुकानाच्या टेबलावर शेजारी ठेवले आणि काही बोललो नाही. चार दिवस त्यानं पाहिलंही नाही. पाचव्या दिवशी मोबाईलची बॅटरी संपली. थोड्या वेळानं आवाज आला, "आज्जा, हा राजा खांद्यावर काय नेतोय?"

मी म्हणालो, "वाच की. दोन्हीकडे लिहिलंय."

सध्या तो रोज चार ओळी वाचतो. मराठीच्या दोन, कन्नडच्या दोन. वेताळ अजून झाडावरच आहे. आम्हाला घाई नाही.

तुमच्याही घरात दोन्ही भाषा बोलल्या जात असतील. एकदा आपलं पुस्तकांचं कपाट उघडून बघा, त्यात दोघी शेजारी बसल्यात का. नसल्या, तर दुकान अजून उघडं आहे. बन्नी, या!